माहूरच्या पाऊलवाटेवरचं आमचं घर

इथे लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी बरीच वर्षं वाचतेय. खरं सांगू? बहुतेक वेळा हसूच येतं. पिंपळाखालची पांढरी साडी, मागून आलेली हाक, उलटे पाय... मी लातूरला मुलींचं हॉस्टेल चालवते, मेससकट. सगळ्या अकरावी-बारावीच्या, नाहीतर रिपीटर. त्यांच्यातल्या कुणाला तरी दरवर्षी बाथरूममध्ये काहीतरी दिसतं, आणि ते नेमकं टेस्टच्या आदल्या दिवशीच दिसतं. असल्या भुतांना मी गरम दूध पाजून झोपवते. सांगायचा मुद्दा एवढाच की मी भित्री नाही, आणि देवभोळी तर मुळीच नाही. नवरा वीजमंडळात आहे. तो म्हणतो, तुला बघून भूतच पळेल.

तरी हे लिहितेय. कारण गेल्या वर्षी दादा गेले, आणि आता ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली मी आणि आमचे गाडीवाले सलीमभाई एवढीच माणसं उरलो. सलीमभाई कुणाला सांगणार नाहीत. मग मीच लिहून ठेवते. हसायचं त्यांनी खुशाल हसा.

दादा म्हणजे माझे वडील. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. नाव घेत नाही, कारण त्या नावाचं गाव आता दुसऱ्याच जागी आहे. भूकंप झाला तेव्हा माझं लग्न होऊन मी लातूरला आलेली होते. आई त्याआधीच आजारपणात गेली होती. घरात दादा आणि माझी धाकटी बहीण कुसुम, दोघंच. कुसुम बारावी सायन्सला होती. पुढे माझ्याकडे राहून शिकायचं असं तिचं पक्कं ठरलं होतं. तिची वह्या-पुस्तकं ठेवायला मी एक फळीसुद्धा रिकामी करून ठेवली होती.

गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटेच्या आधी सगळं झालं. तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे, परत सांगत नाही. आमची घरं दगड-मातीची, वर मातीचं माळवद. खाली सापडलेला माणूस वाचणं कठीणच. दादा शेतात होते म्हणून वाचले. कुसुम गेली. मी पोचले तोवर तिला अग्नीही देऊन झाला होता. गावातल्या बायका मला धरून म्हणाल्या, झोपेतच गेली गं, तिला कळलंसुद्धा नाही. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दुसरं होतं काय धरायला? दादांना मी कधी काही विचारलं नाही आणि तेही बोलले नाहीत.

पुढे नवीन गाव वसलं. दादांनाही सरकारी घर मिळालं. त्यात त्यांनी कडबा आणि खताची पोती भरली आणि स्वतः समोर पत्र्याचं शेड टाकून राहिले. शेडला तीनच बाजू, चौथी उघडी. सुरुवातीला गावात पुष्कळजण असेच बाहेर झोपत, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. हळूहळू बाकीचे घरात गेले. दादा गेले नाहीत. लातूरला माझ्याकडे आले तरी हॉस्टेलच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, चहा तिथेच, भाकरी तिथेच, आणि संध्याकाळच्या एसटीने परत. मी सांगून दमले की दादा, हा स्लॅब आहे, सळईचा आहे, माळवद नाही. क्लासच्या फिजिक्सच्या सरांना बोलावून त्यांच्याकडूनही वदवून घेतलं. दादांनी सगळं नीट ऐकलं, सरांना चहा पाजायला सांगितलं आणि कट्ट्यावरच बसून राहिले.

एक गोष्ट तेव्हा माझ्या नजरेत आली होती, पण तिचा अर्थ लागला नाही. हॉस्टेलच्या लोखंडी फाटकाला मी संध्याकाळी बाहेरून कुलूप लावायची. आमचं राहायचं दार वेगळं, रस्त्याच्या बाजूने. पालकांना बाहेरून कुलूपच हवं असतं. ॲडमिशनला आल्यावर फीच्या आधी तेच विचारतात. एकदा दादांना परत जायला उशीर झाला आणि कुलूप लावताना त्यांनी मला पाहिलं. उठून आले आणि कुलूप धरून हलवायला लागले. "आत पोरी हायत आन् भाईरून कुलूप लावतीस?" मी म्हटलं, दादा, सेफ्टीसाठी असतं ते. त्यावर ते मला असं काही बोलले की माहेरच्या माणसाकडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. नंतर कितीतरी दिवस फोनवर सुद्धा आले नाहीत. मी म्हटलं, वय झालं, साठी बुद्धी नाठी.

मग ते खरोखरच विसरायला लागले. चुलतभावाचा फोन यायचा, अक्का, दादा शेडमध्ये नाहीत. सापडायचे ते जुन्या गावाच्या जागी, बाभळीत, ढिगाऱ्यावर बसलेले. पावसात भिजून एकदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना यापुढे एकटं ठेवू नका. आता मी काय करावं? मुलींना सोडून गावी जाऊन राहता येत नाही, आणि दादा काही छताखाली येत नाहीत. पुढचा पावसाळा ते त्या शेडमध्ये काढतील असं मला वाटत नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मी रडले, भांडले, नातवाची शपथ घातली. शेवटी ते म्हणाले, आधी माहूरला ने. देवीला भेटतो, मग बघू. रेणुकामाता आमचं कुलदैवत. मी म्हटलं, न्यायला काय, आकाशातही नेते.

दिवाळीनंतर मुली घरी गेलेल्या असताना आम्ही निघालो. गाडी सलीमभाईंची. सलीमभाई उदगीरचे, वडिलांचं तिथे कल्हईचं दुकान होतं. यांनी क्रूझर घेतली, आणि आता आमच्या मुलींना परीक्षेच्या सेंटरवर सोडणं-आणणं तेच करतात. मुली त्यांना मामू म्हणतात. पहिला मुक्काम नांदेडला माझ्या नणंदेकडे होता. तिथे दादा घरात आलेच नाहीत, अंगणात गाडीतच झोपले. नणंदेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सलीमभाई म्हणाले, "राहू द्या ताई, मी बी गाडीतच झोपतो. दादांचं घोरणं माझ्यापेक्षा बरं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच माहूर गाठलं. तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना माहीत आहे — तीन डोंगर, एकावर रेणुका, एकावर दत्तशिखर, एकावर अनसूया. शेजारी किल्ला, खाली गाव आणि तलाव, सगळीकडे सागाचं जंगल. रेणुकेच्या पायऱ्या दादा सलीमभाईंचा हात धरून चढले. त्यांचे गुडघे पार गेलेले. काठी घेऊन सपाटीला चालायचे, पण खाली मांडी घालणं की उकिडवं बसणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. वाटेत कवळी टोचायला लागली म्हणून त्यांनी ती काढून रुमालात बांधून माझ्याकडे दिली, मी पर्समध्ये टाकली. त्यावरून मी चिडवलंही, की देवीसमोर बोळक्या तोंडाने उभे राहणार का. म्हणाले, तिला काय नवीन हाय. माहूरला प्रसाद म्हणून कुटलेला विडा देतात, तो बिनदातांच्या माणसालाही खाता येतो. दादांनी तो खाल्ला, ओठ लाल झाले, आणि फार दिवसांनी मी त्यांना खुशीत पाहिलं.

तिथून गाडीने दत्तशिखर. दर्शन झाल्यावर दादा म्हणाले, अनसूयेला चालत जाऊ, डोंगरातून वाट हाय, तुझ्या आईसंगं गेलतो. मी सरळ नाही म्हटलं. त्या गुडघ्यांनी चढ-उताराची वाट चालायची म्हणजे काय! गाडीने जाऊ म्हटलं. सलीमभाई गाडी वळवायला गेले. दादांना पायरीवर बसवून मी पाण्याची बाटली भरायला गेले, तीसुद्धा नजरेच्या टप्प्यातच. परत वळून बघते तर पायरी रिकामी.

पहिल्यांदा राग आला. इथेच कुठेतरी असतील म्हणून मी चपला शोधल्या, मंदिराला वळसा घातला, पुरुषांच्या मुतारीबाहेर उभी राहून हाका मारल्या. मग घाबरले. भरदुपार होती, माणसांची वर्दळ होती, आणि तरी दादा कुठेच नव्हते. ज्याला काल काय खाल्लं ते आठवत नाही असा माणूस, फोन नाही, आणि तिन्ही बाजूंना जंगल. सलीमभाई धावत आले. ते गाडीच्या रस्त्याने बघायला गेले आणि मी पाऊलवाटेकडे.

वाटेच्या तोंडाशी एक बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. धोतर, पांढरी टोपी, काठी, असं मी सांगायच्या आतच ती म्हणाली, "बाबा ना? गेले की खाली. दोन काकड्या घेतल्या. एकीला तिखट नका लावू म्हणे, पोरीला सोसत न्हाई."

"कोणत्या पोरीला?"

"आता म्या कुठं बघत बसू बाई. म्या आपली काकडी चिरून राहिले."

मी तिथेच उभी राहिले. कुसुमला तिखट सोसत नसे. जरा तिखट लागलं की उचकी लागायची आणि ती थांबता थांबायची नाही. घरात आम्ही सगळे तिला त्यावरून छळायचो. म्हणजे दादांचं डोकं आता वीस-बावीस वर्षं मागे गेलं होतं, आणि ते तशाच डोक्याने जंगलात शिरले होते. त्या क्षणी मला भुताची नाही, दरीची भीती वाटली.

वाट उतरती होती. सागाची ताटाएवढी पानं, पायाखाली बारीक खडे. वाटेच्या दोन्ही बाजूंना लोकांनी दगडावर दगड रचून ठेवलेले होते. स्वतःचं घर व्हावं म्हणून यात्रेकरू असे दगड रचतात, जितके मजले हवेत तितके दगड. एरवी कुणाला ते बघून गंमत वाटत असेल. आमच्याकडच्या माणसाला दगडावर दगड बघून घर आठवत नाही, ढिगारा आठवतो. मी नजर खाली ठेवून चालत होते आणि "दादा, दादा" ओरडत होते. मोबाईलला रेंज नव्हती. समोरून एक जोडपं आलं, त्यांना कुणी दिसलं नव्हतं. त्यानंतर कुणीच भेटलं नाही.

मग आवाज ऐकू आला. दगडावर दगड ठेवल्याचा. टक्... जरा थांबून पुन्हा टक्... वाटेपासून आत, डाव्या हाताला. मला वाटलं, दादाच रचत बसलेत. जिवात जीव आला. मी झुडपं बाजूला सारत, साडी फाडून घेत आवाजाच्या रोखाने गेले. माझा आवाज ऐकूनही तो थांबला नाही. शेवटची फांदी बाजूला केली तेव्हा थांबला.

एक छोटी मोकळी जागा होती. कडेला एका मोठ्या धोंड्यावर दादा बसलेले. दोन्ही हात काठीवर, काठीवर हनुवटी. आणि त्यांच्या पायापुढे जमिनीवर दगड मांडलेले. रचलेले नव्हते, मांडलेले होते. मुठीएवढे दगड, दुहेरी रांगेत, चौकोनात चौकोन.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि मला रडू फुटलं. काय काय बोलले ते आठवत नाही. दादांनी शांतपणे माझ्या पायाकडे बघितलं.

"चपला काढ," ते म्हणाले. "ढाळजंत पाय ठिवलास."

मी खाली बघितलं. ते आमचं घर होतं. पुढे दार, आत शिरल्यावर ढाळज, म्हणजे बसाउठायची पडवी, उजव्या हाताला बैल बांधायची जागा, मग सोपा, सोप्यातून एक पायरी वर माजघर, कोपऱ्यात चूल. चुलीच्या जागी तीन खडे होते. दाराच्या फटीवर एक वाळकी काडी आडवी टाकलेली. मागच्या खोलीत जिथे धान्याची कणगी असायची, तिथे एक गोल दगड. आणि त्या गोल दगडाच्या मागे, मागच्या भिंतीच्या रांगेत, दोन दगडांची जागा मोकळी सोडलेली. काढलेले दोन दगड नीट बाहेरच्या बाजूला ठेवलेले.

ती मोकळी जागा बघून मी चपला काढल्या.

तुम्हाला सांगते ती जागा काय होती. त्या खोलीत घुशीने भिंतीच्या बुडाला उकरलं होतं आणि दोन-चार दगड सैल झाले होते. ते मी आणि कुसुमने हळूहळू काढले, इतके की पोटावर सरपटत गेलं की मागच्या कडब्याच्या गंजीत निघता यायचं. दुपारी दादा ढाळजेत आडवे व्हायचे, त्यांच्यावरून जायची सोय नव्हती. मग आम्ही या वाटेने शेजारच्या चिंचा पाडायला जायचो. आतून पुढे कणगी, बाहेरून कडबा. दादा त्या खोलीत कधी येत नसत, आणि आईलाही आम्ही कधी कळू दिलं नाही. लग्नानंतर माहेरी गेले तेव्हा कुसुमने मला मुद्दाम त्यातून जायला लावलं आणि मी कमरेत अडकले. हसून हसून तिला उचकी लागली होती. जगात ते भोक माहीत असलेल्या दोघीच होतो.

दादांच्या गुडघ्यावर कागदात एक काकडी होती, चिरून तिखट-मीठ लावलेली, तशीच. दुसरीचं नुसतं देठ सोप्याच्या दगडांपाशी पडलं होतं. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. दादांची कवळी माझ्या पर्समध्ये होती.

मी विचारलं, दादा, हे कुणी मांडलं? ते दुसरंच बोलायला लागले. आवाज मात्र एकदम स्वच्छ होता, गेल्या दोन वर्षांत ऐकला नव्हता इतका.

"कडी म्या लावली व्हती, शोभे."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या रात्री विसर्जनाहून येऊन कुसुम दमून झोपली. शेतात लाईट रात्रीची होती, मोटर चालू करायला जायचं होतं. दार आतून लावायला पोरीला उठवावं लागलं असतं. म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली, कुत्री शिरू नयेत म्हणून. आमच्या गावात सगळेच तसं करत. पहाटे परत येऊन काढायची, एवढंच. पुढचं ते थांबत थांबत बोलले. जवानांनी ढिगारा उपसला तेव्हा दादा तिथेच उभे होते. कुसुम अंथरुणावर नव्हती. ती मागच्या भिंतीपाशी सापडली.

"मंजी झोपंत न्हाई गेली ती. उठली. दाराकडं पळत आली आसंल, दार हाललं न्हाई... मला हाका मारल्या आसतील. मंग मागं फिरली. येवढी वर्सं मला दुसरं काय दिसतच न्हाई, माय. कुठल्या बी घरात गेलो की आदी ती कडी दिसती."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही स्लॅबच्या आणि सळईच्या गोष्टी सांगत होतो, आणि हा माणूस दाराला भीत होता. मला त्यांची कीव आली, आणि स्वतःचा राग आला.

"आत्ता ती म्हनली," दादा पुढे झुकले, "दादा, म्या दाराकडं गेलेच न्हाई. कडी लावल्याली मला म्हाईतच नव्हती. म्या माझ्या वाटंनं निघाले व्हते." त्यांनी काठीचं टोक त्या मोकळ्या जागेवर नेऊन टेकवलं. "खरं सांग. हितं वाट व्हती का गं?"

त्यांनी डोळे असे लावले होते माझ्यावर की मी खोटं बोलले असते तरी ओळखलं असतं.

"व्हती, दादा," मी म्हटलं. "आमी दोघीनं केलती. आमच्या दोघीबिगर कुणालाच म्हाईत नव्हती."

दादांनी डोळे मिटले. मग मला म्हणाले, हात दे. माझ्या खांद्यावर भार टाकून ते कसेबसे वाकले आणि दारावरची ती वाळकी काडी उचलून त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. त्यांचे तळहात मी तेव्हा नीट पाहिले. दगडांना खालून ओली माती लागलेली होती, आणि दादांच्या हाताला, धोतराला मातीचा डागसुद्धा नव्हता.

तेवढ्यात सलीमभाई धापा टाकत आले. आधी दादांना बघून त्यांनी अल्लाचं नाव घेतलं, मग जमिनीकडे बघत राहिले. दादांना आधार देत वाटेवर आणलं आणि मग मला हळूच म्हणाले, "ताई, ते खाली कुणी मांडलं? दादांना तर वाकता बी येत न्हाई."

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोटो का नाही काढला. नाही सुचलं. तुमच्या वडिलांना तसं बघाल तेव्हा तुम्हाला सुचतं का ते बघा.

परतताना दादा गाडीत झोपले. नांदेडला न थांबता आम्ही थेट लातूर गाठलं. मी कट्ट्यावर अंथरूण टाकायची तयारी करत होते, तर दादा काठी टेकत सरळ आमच्या दारातून आत गेले. पुढच्या खोलीत पलंगावर बसले. पंख्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, चहा कर. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. नवरा विचारत राहिला काय झालं, काय झालं. त्याला मी नंतर सगळं सांगितलं, तर म्हणाला दादांनीच मांडलं असणार. त्याला ते भोक पटलंच नाही.

मीही पुष्कळ डोकं लढवलंय. कुसुमने जिवंतपणी कधी तरी दादांना ते भोक दाखवलं असेल का? मग ते इतकी वर्षं असे का जळत राहिले असते? मी कधी झोपेत बोलले असेन? पण दादा आमच्या घरात झोपतच कुठे होते! की ढिगारा उपसताना त्यांनी ते भोक पाहिलं आणि विसरून गेले? भिंतीच उरल्या नव्हत्या, भोक कसलं उरणार. आणि काकडीचं काय? तो टक् टक् आवाज कुणाचा? पुढच्या वर्षी मी आणि सलीमभाई मुद्दाम त्या वाटेने गेलो. काकडीवाली होती, तिला काही आठवत नव्हतं. मोकळी जागा सापडली असं मला वाटलं, सलीमभाईंना वाटलं ती नव्हे. तिथे दगड होते, पण दगड कुठे नसतात.

दादा त्यानंतर आमच्याकडेच राहिले. विसरणं वाढत गेलं, शेवटी मला ते आईच्या नावाने हाक मारायचे. कुसुमचं नाव मात्र पुन्हा एकदाही काढलं नाही, आणि घर सोडून एकदाही गेले नाहीत. गेल्या वर्षी पावसाळ्यात, पुढच्या खोलीत, झोपेत गेले. यावेळी ते वाक्य खरं होतं, मी शेजारीच होते. ती काडी त्यांच्या कोटाच्या खिशात अजून आहे.

माहूरहून आल्या दिवशीच मी हॉस्टेलचं कुलूप बदललं. आता फाटक आतून बंद होतं आणि किल्ली आतल्या भिंतीवर खिळ्याला असते, सगळ्या मुलींना दिसेल अशी. पालक अजून विचारतात, "रात्री बाहेरून कुलूप असतं ना मॅडम?" मी सांगते, आतून असतं. ते काळजीत पडतात. म्हणतात, अहो, मग मुली पळाल्या तर?

मी म्हणते, पळता यायलाच पाहिजे.

काहीजण मुलीला घेऊन दुसरं हॉस्टेल बघायला जातात. जाऊ देत. बाकी त्या भोकाचं दादांना कुणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.